सोलरचं बिल दरवेळी धुळीच्या नावावर फाडू नका!

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण ज्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर आहे किंवा बसवायचं चाललंय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आमच्या नेरूळच्या सोसायटीत २५ किलोवॅटचा प्लांट आहे. सुरुवातीला उन्हाळ्यात दिवसाला शंभरेक युनिट मिळायचे, चौथ्या उन्हाळ्यात ऐंशीवर आले. ठेकेदाराचं एकच उत्तर, "साहेब, धूळ बसलीय, पॅनल धुवून घ्या." दोनदा धुतले, फरक शून्य. एजीएममध्ये मात्र सुरू झालं, "सांगत होतो ना, पैसे पाण्यात जाणार!"

शेवटी ओळखीतल्या एका इंजिनिअरने सकाळी, ऊन कोवळं असताना, एकेका पॅनलचं व्होल्टेज मोजलं. स्ट्रिंगच्या निगेटिव्ह टोकाचे पॅनल गळपटलेले, दुसऱ्या टोकाचे ठणठणीत. धूळ काय एकच टोक बघून बसते?

या दुखण्याला पीआयडी म्हणतात, पोटेन्शियल इंड्यूस्ड डिग्रेडेशन. सोप्या भाषेत सांगतो. १८ पॅनल एका ओळीत जोडले की व्होल्टेज ७००च्या आसपास जातं. पॅनलची फ्रेम अर्थ केलेली असते, त्यामुळे आतला सेल आणि फ्रेम यांच्यात शेकडो व्होल्टचा फरक राहतो. त्या ताणाने काचेतले सोडियमचे कण सेलकडे सरकतात आणि सेलमध्येच वीज झिरपायला लागते. बाहेरून काही दिसत नाही. काच चकाचक, युनिट गायब. (म्हणून कुणी अर्थिंग काढायला जाऊ नका हं, तो जिवाशी खेळ आहे.)

हे दुखणं वाढतं कशाने? उष्णता आणि दमटपणाने. खाडीकाठच्या आपल्या शहरात दोन्हीचा तुटवडा नाही. आयआयटी मुंबईच्या सौर संशोधन केंद्राने देशभर पॅनलची पाहणी केली, तेव्हाही उष्ण भागात पॅनल लवकर थकतात आणि छोट्या, गच्चीवरच्या प्लांटची अवस्था मोठ्यांपेक्षा वाईट, असंच दिसलं. मोठ्या प्लांटवर लक्ष ठेवायला माणसं असतात. आपल्या गच्चीवर कोण असतं? कबुतरं!

माझा आक्षेप इथेच आहे. २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत घराला ७८ हजारांपर्यंत आणि सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार अनुदान आहे. चांगलंच आहे. पण सगळा हिशोब किलोवॅट किती बसले याचा. पाच वर्षांनी त्यातले किती जिवंत आहेत, हे कोण विचारणार? माझ्या मते अनुदानाचा एक हिस्सा तीन वर्षांनंतरच्या तपासणीवर ठेवायला हवा. मग धुळीची सबब आपोआप बंद होईल.

तोवर आपणच शहाणं व्हायचं. करार करताना एवढं मागा:

१. पॅनलच्या पीआयडी चाचणीचा अहवाल. आयईसी ६२८०४ हे त्यासाठीचं मानक आहे. ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत ९६ तास व्होल्टेजचा ताण देऊन चाचणी करतात.
२. प्रत्येक स्ट्रिंगचं उत्पादन वेगळं दाखवणारं मॉनिटरिंग, आणि त्याचा पासवर्ड कमिटीकडे.
३. वर्षातून एकदा पॅनलनिहाय मोजणी, लेखी.
४. २५ वर्षांच्या वॉरंटीत घट कोण मोजणार आणि खर्च कुणाचा, हे स्पष्ट.

दिलासा एवढाच, की वेळेत पकडलं तर हे दुखणं बरंचसं बरं होतं. रात्री पॅनलला उलटं व्होल्टेज देणारी अँटी-पीआयडी पेटी मिळते. आमच्याकडे बसवलीय. आकडे हळूहळू वर येतायत, वर्षभराने पुन्हा लिहीन.

सोलर वाईट नाही हो. बसवून विसरून जाणं वाईट. तुमच्या प्लांटचे पहिल्या वर्षाचे आणि यंदाचे त्याच महिन्याचे युनिट कमेंटमध्ये टाका. बघू, वाशी ते खारघर धूळ नक्की कुठे कुठे बसलीय!