चिठ्ठी कधीची आहे?

आमच्या घरात गोळ्यांचं खातं माझ्याकडे. सासूबाईंची बी.पी.ची, ह्यांची शुगरची आणि माझी थायरॉइडची. पाकीट संपत आलं की मोबाइलवर त्याचा फोटो काढायचा, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये पाठवायचा. संध्याकाळी पिशवी दारात हजर. किती सोय झाली बाई, असं मीच चारचौघींना सांगत असे.

मध्यंतरी सासूबाई महिनाभर नणंदेकडे राहून आल्या. जाताना गोळ्या घरीच विसरल्या, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिल्या. परत आल्या त्या नव्या पाकिटांसह. आणि इथे माझी नेहमीची ऑर्डर चालूच! "ही तिकडच्या डॉक्टरांची, ही आपली," म्हणत त्या दोन्ही घेत राहिल्या. तीन आठवड्यांत पाय सुजले. एका सकाळी न्हाणीघराच्या दारात भोवळ येऊन खालीच बसल्या. हाड मोडलं नाही, हे नशीब.

डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवली. वरची नावं वेगळी. खाली बारीक अक्षरांत मात्र एकच, अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. म्हणजे रोज दुप्पट डोस! मग त्यांनी शांतपणे विचारलं, "चिठ्ठी कधीची आहे?" मी पर्समधून काढली. घडीवर फाटलेली, दोन वर्षांपूर्वीची. मान वर करवेना.

वस्त्यांमधून आरोग्याच्या गोष्टी सांगत फिरणारी मी. पण घरात काय करत होते? पाकिटाला पाकीट जुळवत होते. औषध चालू ठेवायचं म्हणजे तपासणी बंद करायची, असं कुणी सांगितलं होतं?

खरं तर कायद्याने हे आधीच सांगून ठेवलं आहे. औषधे नियम, १९४५ प्रमाणे, जी औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, त्यांची चिठ्ठी एकदाच चालते. पुन्हा द्यायचं असेल तर डॉक्टरांनी तसं चिठ्ठीवर लिहायला हवं. दुकानदार कानाडोळा करतो हे खरं, पण "चिठ्ठी कशाला, नेहमीचंच तर आहे," असं म्हणणाऱ्याही आपणच ना?

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत मी सगळ्यांना घरातल्या गोळ्या आणायला सांगितलं. एकीने कापलेल्या पाकिटाचा तुकडा आणला, चारच गोळ्यांचा. पगार शनिवारी, म्हणून चार-चार घ्यायच्या. त्या तुकड्यावर ना औषधाचं पूर्ण नाव, ना मुदतीची तारीख. दुसरी म्हणाली, "बी.पी. नॉर्मल आलं, म्हणून मी सोडली गोळी." ताई, गोळीमुळे नॉर्मल आलं ना! मनाने सोडणं हेही तितकंच धोक्याचं. पैशांची अडचण असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात बी.पी.-शुगरच्या गोळ्या मोफत मिळतात, जनऔषधी दुकानात स्वस्त मिळतात. तिथे चौकशी करा, पण खाडा नको.

आता आमच्या फ्रिजवर एक कागद लावलाय. कुणाची गोळी, आतल्या औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, कधी घ्यायची आणि पुढची तपासणी कधी. आठ दिवसांच्या गोळ्या उरल्या की नवीन मागवायच्या. शेवटच्या गोळीची वाट बघायची नाही. चिठ्ठी किती महिने चालेल, ते डॉक्टरांकडून त्यावरच लिहून घ्यायचं. गावाला जाताना कागदाची प्रत पिशवीत. पाकिटाचा रंग किंवा नाव बदललं, तर विचारल्याशिवाय गोळी तोंडात नाही.

त्या दिवशी निघताना डॉक्टर म्हणाले, "आणि तुमची थायरॉइडची चिठ्ठी?" ती तर सापडेचना. शेवटची रक्ततपासणी तीन वर्षांपूर्वीची निघाली. सगळ्यांच्या गोळ्या मोजणाऱ्या बाईची चिठ्ठीच सगळ्यात जुनी!

मैत्रिणींनो, आज जेवणं आटोपली की गोळ्यांचा डबा काढा. सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवरच्या तारखा बघा. आणि सुरुवात स्वतःच्या चिठ्ठीपासून करा.