अंधाराच्या आत घरी

सेवाग्राम ते वर्धा अंतर सुमारे आठ किलोमीटर. सायकलने पाऊण तास धरा. पण हिवाळ्यात संध्याकाळचा क्लास किंवा दवाखान्यातली पाळी सुटेपर्यंत अंधार पडतो, आणि मग घरचे म्हणतात, 'क्लास सोड.' दिवा लाव, असे कुणी म्हणत नाही.

दिवा तर पुष्कळ घरांत असतो. शेतीची वीज बरेचदा रात्रीच येते, तेव्हा पुरुष डोक्याला पट्ट्याची बॅटरी बांधून ओलिताला निघतात. तीच हेल्मेटवर बसते. पट्टा घसरतो, म्हणून जुन्या ट्यूबच्या रबराने हेल्मेटच्या फटींतून आवळावी. भोक मात्र पाडू नये, हेल्मेट कमजोर होते. झोत जरा खाली ठेवावा. हँडलचा दिवा चाकापुढे उजेड टाकतो. डोक्यावरचा आपण पाहू तिकडे, खड्ड्यावर, कुत्र्यावर, आणि शीळ घालणाऱ्याच्या तोंडावरही! तरी मागचा लाल दिवा हवाच. ट्रकवाल्याला आपण दिसलो पाहिजे.

१९९१-९२ मध्ये तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेतून हजारो बाया सायकल शिकल्या. त्याचे कौतुक आपण सगळ्यांनी केले. दिवस मावळल्यावर बाईची सायकल कुठवर जाते, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही. उजेडाने छेडछाड थांबेल असे मी म्हणत नाही. रस्त्यावरच्या बंद खांबांसाठी भांडायचेच आहे. पण ते लागेपर्यंत मुलींनी घरी बसावे, हे मला मान्य नाही.

घरात बॅटरी एकच असेल तर ती आज कुणी न्यायची, हे कोण ठरवते? पुढच्या बैठकीत विचारून पाहा.