हिरा कुणाच्या अडीनडीला?

शिरूर अनंतपाळच्या आसपासच्या गावांतही आता साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी घालण्याची हौस दिसू लागली आहे. हौसेला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण बायकांच्या तक्रारींचे काम करताना एक प्रश्न सतत समोर येतो आणि तो आपल्या गटांत फारसा बोलला जात नाही. ही अंगठी मोडायची वेळ आली, तर बाईच्या पदरात काय पडते?

मराठवाड्यात बाईचा दागिना म्हणजे नुसती शोभा नाही. पेरणी, दवाखाना, मुलांची फी, सगळीकडे पहिल्यांदा तोच गहाण पडतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा दुष्काळात घरे तगतात ती पुष्कळदा बाईच्या अंगावरच्या सोन्यावर. मोडताना सराफ घट धरतो, घडणावळ बुडते; पण उरलेल्या वजनाला त्या दिवसाचा भाव असतो.

हिऱ्याला असा रोजचा भाव नसतो. वजन, रंग, पैलू आणि निर्दोषपणा पाहून किंमत ठरते आणि ती पारख आपल्या हाती नसते. अशा दागिन्याचे सोने बहुधा १८ कॅरेटचे, म्हणजे ७५ टक्के शुद्ध असते. चार ग्रॅमच्या अंगठीत शुद्ध सोने तीनच ग्रॅम. बारीक खड्यांचे वेगळे पैसे सहसा मिळत नाहीत. गहाण ठेवतानाही खड्यांचे वजन वजाच करतात. त्यात आता प्रयोगशाळेत तयार होणारे हिरे स्वस्त झाले आहेत. ‘हिरा कायमचा’ हे घोषवाक्य डी बिअर्स कंपनीसाठी १९४७ साली जाहिरातवाल्यांनी लिहिले. हिरा कायम टिकेलही, त्याची किंमत टिकेल असे कुणीच सांगितले नव्हते.

काही पेढ्या आपला माल परत घेतात हे खरे. पण त्यासाठी पावती आणि प्रमाणपत्र लागते. खरी मेख इथेच आहे. पावती नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावाची आणि त्यांच्याच कपाटात. मार खाऊन रात्री घराबाहेर पडलेली बाई अंगावरच्या वस्तूंनिशी निघते, कागद घेऊन नाही. तिच्या बोटातली अंगठी सकाळी बाजारात जवळजवळ निनावी झालेली असते.

कायदा बाईच्या बाजूने आहे. स्त्रीधन नवऱ्याकडे असले तरी मालकी तिचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितले आणि २०२४ मध्ये पुन्हा ठामपणे मांडले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली दंडाधिकारी ते परत द्यायला लावू शकतात. पण काय दिले होते हे सिद्ध कशाने करायचे? हुंडाबंदी कायद्याच्या १९८५ च्या नियमांत लग्नातील भेटवस्तूंची यादी करायला सांगितले आहे: वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि वधूवरांच्या सह्या. किती लग्नांत अशी यादी होते? मानपानाच्या याद्या मात्र होतात!

मग सोनेच घ्या, एवढेच माझे म्हणणे आहे का? नाही. सासूच्या पेटीत कुलूपबंद असलेले सोनेही बाईचे नसतेच. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ची हाक दिली, ती बायकोच्या नावे जमीन करण्यासाठी. खरी पुंजी म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव आणि स्वतःचे बँक खाते. अंगठीवर खर्च होणारी रक्कम मुलीच्या नावाने ठेवली, तर अडचणीच्या दिवशी ती कुणाच्या पारखीवर अवलंबून राहणार नाही.

मैत्रिणींनो, लग्नसराईपूर्वीच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या. पावती मुलीच्या नावाने मागा, तिची एक प्रत माहेरी ठेवा, यादीवर सह्या घ्या. शुभकार्यात अविश्वास दाखवता, असे लोक म्हणतील. म्हणू द्या. दहा वर्षांनी तीच मुलगी आपल्या दारात उभी राहिली, तर कागद लागणारच आहे.