भटकणं वाया जात नाही

सध्या आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाद रंगलाय. माझी नात एडिंबराला एमएस्सी करते. दर रविवारी ती काही काम नसताना दोन-तीन तास गावात चालते आणि मग फोटो टाकते. त्यावर तिच्या काकाने लिहिलं, "एवढं कर्ज काढून पाठवलं ते शिकायला की भटकायला?" ग्रुपवर मोठं लिहिलं की कुणी वाचत नाही, म्हणून माझं उत्तर इथे देते.

माझं म्हणणं असं की हे भटकणंही शिक्षणच आहे. मी आयुष्यभर इतिहास आणि भूगोल शिकवले, आणि फळ्यावर नकाशा काढून किती सांगता येतं नि किती राहून जातं हे मला चांगलं ठाऊक आहे. एडिंबराचंच घ्या. फोनमधल्या नकाशात चौथ्या जॉर्जच्या नावाचा पूल आणि काउगेट हा रस्ता एकमेकांना छेदताना दिसतात. नात तिथे पोचली तर काउगेट बराच खाली, पुलाच्या कमानीतून जाणारा! उतरायला जिने शोधावे लागले. जवळच्या साउथ ब्रिजला म्हणे एकोणीस कमानी आहेत, पण दिसते एकच. बाकीच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींमागे झाकल्या गेल्या. आपण पुलावरून चालतोय हे नवख्याला कळतसुद्धा नाही. हे टॅक्सीत बसून कसं कळावं?

जुनं गाव एका अरुंद डोंगरसोंडेवर वसलेलं. वर किल्ला, खाली राजवाडा, मधे साधारण पावणेदोन किलोमीटरचा रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना उतरणारे बोळ. त्यांना तिकडे 'क्लोज' म्हणतात. गावाला तटबंदी, त्यामुळे घरं पसरायला जागा नाही. मग ती उंच चढत गेली. एकाच इमारतीत श्रीमंत आणि गरीब वेगवेगळ्या मजल्यांवर राहत. पुढे १७६७ साली जेम्स क्रेगचा आराखडा घेऊन दरीपलीकडे सरळ, रुंद रस्त्यांचं नवं गाव वसवायला सुरुवात झाली आणि पैसेवाले हळूहळू तिकडे निघून गेले. "आजी, पूल ओलांडला की रस्त्याची रुंदीच बदलते गं," असं नात म्हणाली. माझ्या दृष्टीने हा समाजशास्त्राचा एक अख्खा तास झाला.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तिच्या रोजच्या वाटेवर सर्जन्स हॉल लागतो. १८६९ साली एडिंबरा विद्यापीठात वैद्यकी शिकायला सोफिया जेक्स-ब्लेक आणि तिच्या मैत्रिणी दाखल झाल्या. १८७० च्या नोव्हेंबरात त्या परीक्षेला निघाल्या तेव्हा जमावाने त्यांच्यावर चिखल फेकला आणि त्यांच्या तोंडावर फाटक लावून घेतलं. विद्यापीठाने त्यांना पदवी दिलीच नाही. ती मिळाली २०१९ साली, मरणोत्तर! आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्याच्या सोळा वर्षं आधीचा हा दंगा. आज त्याच फाटकावरून माझी नात पाठीला पिशवी अडकवून खुशाल जाते.

आमच्या वेळी मुलीने घराबाहेर पडायचं तर कारण लागे. कॉलेज, देऊळ, दळण, भाजी. 'कुठे निघालीस?' याला 'सहज' हे उत्तर चालत नसे. मुलगे मात्र सहज जात आणि गाव त्यांचं होई. मी माझ्याच गावात बीएपर्यंत शिकले, पण नदीपलीकडची आळी प्रथम पाहिली ती नोकरी लागल्यावर, जनगणनेच्या कामासाठी! म्हणून नात कारणाशिवाय चालते याचं मला फार अप्रूप आहे.

सुरक्षिततेची काळजी मलाही आहेच. डिसेंबरात तिथे पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे ती दिवसाउजेडी जाते आणि खोलीतल्या मैत्रिणीला वाट सांगून निघते. एवढं पुरे. पैशाचं म्हणाल तर चालायला तिकीट लागत नाही. आणि पहिल्या हिवाळ्यात रोज रडवेली होऊन फोन करणारी मुलगी आता 'आमच्या इथला पूल' म्हणते, ते कोणत्या फीमध्ये बसतं?

तेव्हा मंडळी, ज्यांची मुलं-नातवंडं परगावी किंवा परदेशी आहेत, त्यांना एक विनंती. फोनवर 'जेवलीस का? अभ्यास झाला का?' हे विचाराच, आपल्याला त्याशिवाय करमत नाही. पण 'आज कुठे भटकलीस?' हेही विचारा. मुलांना जसं विचारता, तसंच मुलींनाही.