किल्ली एक करा, पण ती शेतकऱ्याच्या हातात द्या



ठिबकसाठी महाडीबीटी. दोन हजारांच्या हप्त्यासाठी पीएम-किसान. पेऱ्याच्या नोंदीसाठी ई-पीक पाहणी. सीसीआयला कापूस घालायचा तर २०२५ पासून 'कपास किसान' ॲप. दार तितकी कुलपे. जत, आटपाडी, माण, खटावच्या कोरडवाहू शेतकऱ्याने सांभाळायच्या तरी किती किल्ल्या? शेवटी पासवर्ड सेवा केंद्रवाल्याच्या वहीत जातो. म्हणजे घर आपले आणि किल्ली शेजाऱ्याच्या खुंटीला!

यावर सरकारने शेतकरी ओळख क्रमांक काढला. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २,८१७ कोटी रुपयांचे डिजिटल कृषी मिशन मंजूर केले. ॲग्रिस्टॅक हा त्याचा पाया. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना हा क्रमांक सक्तीचा झाला. महाडीबीटीवरही आता हाच क्रमांक आणि मोबाईलवर आलेला ओटीपी देऊन आत जायचे.

कल्पना वाईट नाही. जुनी यंत्रणा आणि नवे पोर्टल जोडायच्या दोन रीती आहेत. एक, जुन्या वहीतली नावे नव्या वहीत उतरवायची. अशा दोन वह्यांचा मेळ फार दिवस राहत नाही. एकीत मोबाईल नंबर बदलला तरी दुसरीला त्याचा पत्ता नसतो. दुसरी रीत, ओळख एकाच ठिकाणी पटवायची आणि बाकीच्यांनी तिथली चिठ्ठी मानायची. फाटकावर पास मिळाला की आत प्रत्येकजण पुन्हा नाव-गाव विचारत नाही, तसे. शहाणपण या दुसऱ्या रीतीत आहे. पासवर्ड दारोदार द्यावा लागत नाही आणि चिठ्ठीची मुदतही थोडीच ठेवता येते.

पण चिठ्ठी फाडायची कोणत्या वहीवरून? आपल्या सातबाऱ्यावरून! तिथे कुणाचे नाव 'बापू', तर आधारवर 'बापूराव'. कुठे वारस नोंद न झाल्याने आजोबाच अजून खातेदार. कुठे सामाईक खात्याचा घोळ. रानात राबणाऱ्या बाईचे नाव नाही, वाट्याने कसणाऱ्याचे तर नाहीच. पूर्वी अशा चुकीने एक दार बंद व्हायचे. आता किल्ली एकच, म्हणून एका चुकीने सगळीच दारे एकदम बंद होतात. जुन्या दप्तराची चूक दप्तराने केली, दंड मात्र शेतकऱ्याला!

ओळख पटणे वेगळे आणि हक्क असणे वेगळे. यंत्राला माणूस ओळखता आला नाही म्हणून त्याचा हक्क बुडत नाही. ज्याला आधार क्रमांकच मिळालेला नाही त्याला ओळखीचे दुसरे साधन देऊ करावे, असे २०१६ च्या आधार कायद्याचे कलम ७ सांगते. मग शेतकरी ओळख क्रमांकालाच पर्याय का नसावा?

म्हणून मागणी स्वच्छ आहे. नाव जुळत नाही म्हणून अर्ज अडवू नका. दुरुस्ती होईपर्यंत अर्जाची तारीख धरून ठेवा. महाडीबीटीवर आता प्रथम अर्ज करणाऱ्याला प्रथम प्राधान्य आहे. तारीख गेली की नंबर गेला. मोबाईल बदलण्याची सोय गावातल्या शिबिरात करा. आपले खाते कोणी, कधी उघडले हे शेतकऱ्याला दिसू द्या. आणि ओटीपी न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी कागदाची खिडकी उघडी ठेवा.

आपणही हात बांधून बसायचे नाही. बैठकीला येताना सातबारा, आठ-अ आणि आधार शेजारी ठेवून नावे ताडून पाहा. लिहिण्यातली चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. एकेकट्याने खेटे घालू नका. गावाची यादी करा, एकत्र द्या आणि पोच घ्या. ओटीपी फोनवर मागणाऱ्याला तो सांगू नका. एक किल्ली चालेल, पण तिचा मालक शेतकरीच हवा.