सुट्टी आहे, पण शाळेत या!

मे महिना. संध्याकाळचे साडेसात. ऑफिसमधून सुटून थेट रंकाळा गाठलेला. शर्ट घामाने चिकटलेला, डोक्यात टार्गेट आणि हातात भेळ. बाकड्यावर माझ्या शेजारी मामेबहीण. ती इथल्याच एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. तिला बघितलं आणि माझ्या तोंडून ते वाक्य गेलंच. नोकरी करणारा प्रत्येक माणूस मे महिन्यात कुठल्या ना कुठल्या शिक्षकाला ऐकवतो, तेच.

"तुमचं बरंय ताई! महिना-दीड महिना सुट्टी आणि पगार चालू. आम्ही एक शनिवार मागितला तर मॅनेजर असा बघतो, जणू त्याची किडनीच मागितली!"

ताई काही बोलली नाही. भेळेतले कैरीचे तुकडे बाजूला काढत बसली. मला वाटलं, जोक आवडला नसेल.

उत्तर आलं ते दुसऱ्या बाजूने. आमच्याबरोबर शेजारच्या काकूंचा नातू होता. जन्म न्यू जर्सीचा, पण लहानपणी प्रत्येक उन्हाळ्यात आजीकडे मुक्काम. त्यामुळे गडी मराठी बोलतो ते पक्कं पेठेतलं, फक्त 'र' तेवढा अमेरिकन. कॉलेज संपल्यावर तो दोन वर्षं कोरियातल्या एका सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायला होता. तो म्हणाला, "दादा, माझी शाळा सुट्टीत बंद असायची. आणि मी रोज शाळेत असायचो."

"म्हणजे? शिक्षा होती काय?"

"नाही. करार होता."

मग त्याने जे सांगितलं, ते ऐकून माझी भेळ मऊ पडली. तुम्हीही ऐका, कारण ही गोष्ट वाटते तेवढी लांबची नाही.

कोरियाने 1995 मध्ये 'एपिक' नावाची सरकारी योजना सुरू केली. परदेशातून तरुण पोरं-पोरी आणायची आणि सरकारी शाळांत कोरियन शिक्षकांच्या जोडीला इंग्रजी शिकवायला उभी करायची. विमानभाड्याला पैसे, राहायला घर आणि वर्षाचा करार पूर्ण केला की साधारण महिन्याभराच्या पगाराएवढी रक्कम वेगळी. ऐकायला लई भारी! अट एवढीच, की पासपोर्ट सात देशांपैकी एकाचा हवा: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा दक्षिण आफ्रिका. लगेच गुगल उघडून बसलेल्यांसाठी सांगतो, भारत आणि कोरियाचा जो व्यापार करार 1 जानेवारी 2010 पासून लागू झाला, त्यात भारतीय शिक्षकांसाठीही सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून एक दार किलकिलं झालं. पण त्यासाठी नुसती पदवी आणि फाडफाड इंग्रजी पुरत नाही, शिक्षक म्हणून पात्रता लागते.

आता सुट्टीचं गणित बघा. कोरियात शाळेचं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं आणि फेब्रुवारीत संपतं. जुलैच्या शेवटाकडे उन्हाळी सुट्टी, ती साधारण महिनाभर. हिवाळी सुट्टी त्याहून मोठी, पार नव्या वर्षाच्या तोंडापर्यंत. दोन्ही मिळून मुलांना अडीच महिन्यांच्या आसपास शाळा नाही. म्हणजे कामाचे पन्नासएक दिवस. आमच्या या पाहुण्याच्या करारात भरपगारी रजा होती 26 दिवसांची. सरकारी सण वेगळे. आणि ही रजा शक्यतो शाळेला सुट्टी असतानाच घ्यायची.

पन्नासातले सव्वीस गेले. उरलेले दिवस?

त्यातले काही दिवस 'इंग्लिश कॅम्प'. सुट्टीतसुद्धा ज्यांच्या आईबापांना पोरगं घरी नको असतं, त्या मुलांना खेळ, गाणी, नाटुकली असं करत इंग्रजी शिकवायचं. आणि बाकीचे दिवस? सकाळी वेळेवर शाळेत यायचं, आपल्या टेबलाशी बसायचं आणि संध्याकाळी घरी जायचं. मुलं नाहीत, तास नाही, बोलायला माणूस नाही. या प्रकाराला तिकडच्या परदेशी शिक्षकांनी नावसुद्धा ठेवलंय, 'डेस्क वॉर्मिंग'. खुर्ची-टेबल ऊबदार ठेवायचं काम! कोंबडी अंड्यावर बसते तसं. फरक एवढाच, की कोंबडीचं शेवटी काहीतरी बाहेर येतं.

"मग तुझे कोरियन सर-मॅडम कुठं असायचे?" मी विचारलं.

"घरी. त्यांचं कलम 41 होतं ना!"

हे कलम मला फार आवडलं. कोरियातल्या सरकारी शिक्षकांच्या कायद्यात कलम 41 आहे. शिकवण्यात अडथळा येत नसेल, तर मुख्याध्यापकांच्या मंजुरीने शिक्षकाला शाळेबाहेर राहून स्वतःचं 'प्रशिक्षण' करता येतं. त्यामुळे सुट्टीत कायम शिक्षक कागदोपत्री प्रशिक्षणावर असतो. घरी बसून पुढच्या सत्राची तयारी करा, पुस्तकं वाचा, अभ्यासदौरा करा. परदेशी पाहुणा मात्र शिक्षक-अधिकारी नाही, तो करारावरचा माणूस. त्याला कलम 41 नाही. त्याला खुर्ची!

शाळा तीच, सुट्टी तीच, विषयसुद्धा तोच. फक्त कागद वेगळा.

"बोअर झाला असशील की," मी म्हटलं. "पहिले आठ दिवस झालो. मग कोरियन लिपी शिकलो," तो म्हणाला. ही लिपी त्यांच्या सेजोंग राजाने 1446 मध्ये लोकांसमोर आणली. साध्या माणसाला पटकन लिहिता-वाचता यावं म्हणूनच ती बनवलेली. आज मूलभूत अक्षरं चोवीस. त्याने भेळेच्या कागदावर तिथल्या तिथे 'कोल्हापूर' लिहून दाखवलं. मला ते रांगोळीच्या ठिपक्यांसारखं दिसलं, पण भारी वाटलं.

मी हसत होतो. ताई नव्हती हसत. ती म्हणाली, "त्याला खुर्ची तरी होती रे. आणि बसायचे पैसे मिळत होते."

इथे माझी ट्यूब पेटायला सुरुवात झाली.

ताई नेट पास आहे. सात वर्षं शिकवतेय. पण ती 'सीएचबी'वर आहे. क्लॉक अवर बेसिस, म्हणजे सरकारी मराठीत तासिका तत्त्व. जितके तास घेतले, तितक्या तासांचे पैसे. गणपतीची सुट्टी? तास नाही, पैसे नाहीत. दिवाळी? तास नाही, पैसे नाहीत. मे महिन्यात तर तासच नसतात. पेपर तपासले तर त्याचे काय असतील ते सुटे मिळतात, आणि जूनमध्ये परत नवा अर्ज, परत मुलाखत, परत 'तुमचा अनुभव किती?' हा प्रश्न. विचारणारे तेच, उत्तर देणारी तीच, फक्त उत्तरातला आकडा दरवर्षी एकाने वाढतो.

मी जिला 'सुट्टी आणि पगार चालू' म्हणत होतो, तिची सुट्टी चालू होती आणि पगार बंद. आणि हे मला माहीत नव्हतं. सख्ख्या मामाची मुलगी! सात वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. तिनेही कधी सांगितलं नाही. कारण 'प्राध्यापक' म्हटलं की समोरचा एका विशिष्ट नजरेने बघतो, आणि ती नजर उतरवायचा धीर होत नाही म्हणे.

तुम्ही म्हणाल, कायम शिक्षकांची तर मजा असते ना! तर तेही अर्धंच खरं. आपल्याकडे शिक्षक 'व्हेकेशन डिपार्टमेंट'मध्ये मोडतात. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये त्याचा हिशोब मांडलाय. इतर सरकारी कर्मचाऱ्याच्या खात्यावर वर्षाला 30 दिवस अर्जित रजा जमा होते. ज्या शिक्षकाने पूर्ण सुट्टी भोगली, त्याला ती तशी मिळत नाही. म्हणजे मे महिना फुकट नाही, तो रजेच्या बदल्यात आहे! ऐन जानेवारीत बहिणीचं लग्न निघालं तर आमच्या बँकवाल्या मित्राला रजा काढता येते, शाळेतल्या मित्राला किरकोळ रजेचे दिवस मोजत बसावं लागतं. आणि सरकारने सुट्टीत कामाला लावलं, तर त्या प्रमाणात अर्जित रजा खात्यावर पडते. कोल्हापूर आणि हातकणंगल्यात 2024 ची लोकसभेची मतदानाची तारीख आठवतेय? 7 मे! आपण बोटाला शाई लावून सेल्फी टाकत होतो, तेव्हा यादीत आपलं नाव शोधून देणारे बरेचसे मास्तर होते. सुट्टीतले.

तसे परदेशी इंग्रजी मास्तर कोल्हापूरला नवीन नाहीत. राजर्षी शाहू महाराजांना धारवाडला शिकवणारे फ्रेझर साहेब आयसीएस होते. त्या काळच्या साहेबांच्या नोकरीत एक शब्द होता, 'फर्लो'. म्हणजे मायदेशी जायची लांब रजा, हक्काची. नोकरी लांबच्या मुलखात, तर घरी जाऊन यायची सोयही नोकरीच्या नियमातच. आज हा शब्द आपल्याकडे कुठे उरलाय माहितीये? तुरुंगात! कैदी फर्लोवर सुटतात. तुम्ही-आम्ही लीव्ह 'अप्लाय' करतो आणि अप्रूव्हलची वाट बघतो.

आता आपलं बघू. गंमत म्हणजे त्या रात्री घरी गेल्यावर मी पहिल्यांदा माझं अपॉइंटमेंट लेटर नीट वाचलं. जॉइन होताना पगाराचा आकडा बघून सही ठोकली होती. रजेचं पान उलटून पुढे गेलो होतो. तुम्हीही तेच केलं असणार, शपथेवर सांगा! महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने आणि आस्थापना कायदा ठरावीक संख्येएवढी किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानांना, ऑफिसांना लागू होतो. त्यात वर्षाला 8 दिवस किरकोळ रजा आहे. 8 भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. आणि वर्षात 240 दिवस काम केलं असेल, तर दर 20 दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा, जी 45 दिवसांपर्यंत साठवता येते. माझ्या मॅनेजरची किडनी यात कुठेही नाही. शनिवार माझा हक्काचा होता. मीच तो मागताना खाली बघत होतो.

तर फंडा असा आहे, मंडळी. शाळा बंद झाली की सुट्टी होते ती मुलांची. मोठ्या माणसाची सुट्टी कागदावर असते. कोरियातल्या कायम शिक्षकाच्या कागदावर कलम 41 होतं, म्हणून तो घरी. पाहुण्याच्या कागदावर 26 दिवस होते, म्हणून तो सत्ताविसाव्या दिवशी खुर्चीवर. ताईच्या कागदावर फक्त तास आहेत, म्हणून तिचा मे महिना पगाराशिवाय. दिसायला तिघेही 'सुट्टीवर'. म्हणून कुणाची सुट्टी बघून जळण्याआधी एक साधा प्रश्न विचारायचा: या दिवसांचे पैसे मिळतात का? उत्तर ऐकल्यावर बहुतेक वेळा जळणं आपोआप विझतं. आणि नोकरी बदलत असाल तर पॅकेजच्या आधी ते दुसरं पान वाचायचं. रजा किती, कधी घेता येते आणि ऑफिस बंद असेल तेव्हा तुमचं काय. एवढं विचारलं म्हणून कुणी नोकरी नाकारत नाही. आणि नाकारली, तर वाचलात!

ताईच्या मे महिन्याचं काय होतं, तेही त्या रात्री कळलं. सकाळी सात ते नऊ घरीच स्पोकन इंग्लिशची बॅच. दुपारी एका नातेवाइकाच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात बुकिंगचं काम. कोकणात, महाबळेश्वरला, गोव्याला जाणाऱ्या लोकांच्या गाड्या भरून द्यायच्या. म्हणजे सगळ्या गावाची सुट्टी ती बुक करते आणि स्वतः संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाते. तेवढीच तिची ट्रिप. आणि तिथे मी तिला म्हटलं होतं, 'तुमचं बरंय'.

सॉरी म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. मी उठून तीन पाणीपुरी सांगितल्या. पैसे द्यायला ताईने पर्स उघडली, तेव्हा तिचा हात धरला. ती म्हणाली, "अरे, राहू दे, तुझं महिनाअखेर असेल." आता बोला!

परत निघताना काकूंच्या नातवाने तिला विचारलं, "ताई, जूनमध्ये मुलाखतीला काय सांगणार?"

ताई म्हणाली, "आठ वर्षं."

या वेळी तिच्याबरोबर कॉलेजच्या गेटपर्यंत मी जाणार आहे. रजा टाकलीय. सहीची वाट बघत नाहीये, सांगून टाकलीय. ऑफिसात उद्या कुणी विचारलंच, 'कसली रजा?' तर सांगेन, हक्काची!