जुना आहे, चालायचंच!

आपल्याकडे घरगुती वस्तूंचं जे काही नुकसान होतं, त्यातलं निम्मं हातोडीने होतं आणि निम्मं ‘जुना आहे, चालायचंच’ या तीन शब्दांनी. नळ गळतो? चालायचंच. पंखा कुरकुरतो? चालायचंच. इथपर्यंत माझी तक्रार नाही. पण हेच वाक्य रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या बाबतीत कानावर आलं, की माझ्यातला पापभीरू बँक कारकून काउंटरवरून उडी मारून बाहेर येतो.

आमच्याकडे काकांचा एक जपानी रेंजफाइंडर आहे. बघायच्या खिडकीत मधोमध एक पिवळसर चौकोन दिसतो आणि त्या चौकोनात समोरच्या वस्तूची आणखी एक, फिकट प्रतिमा. लेन्सवरची कडी फिरवली की ही दुसरी प्रतिमा सरकते. दोन्ही एकमेकींवर नीट बसल्या की फोकस जमला. निदान तसा करार आहे. गेल्या दिवाळीत आईचा फोटो काढला. दोन्ही प्रतिमा तिच्या डोळ्यांवर अगदी चिकटून बसल्या होत्या. रोल धुऊन आला तेव्हा फोकस कानांवर! कुड्या लखलखीत, आई धूसर.

यावर भाच्याचं मत : “मामा, हाच तर व्हिंटेज लुक!” मेव्हण्याचं मत : “भाऊजी, शोकेसमध्ये ठेवा, शोभा येईल.” आणि दुरुस्तीवाल्याचं मत : “साहेब, पन्नास वर्षं झाली. एवढा फरक चालायचाच.”

भाच्यापासून सुरुवात करतो, कारण तो वयाने लहान आहे आणि उलट बोलत नाही. आमच्या आईवडिलांच्या लग्नाचा १९७६ सालचा अल्बम घरात आहे. फोटो काकांनी याच कॅमेऱ्याने काढलेत. त्यांत मुंडावळ्यांचे मणी मोजून घ्यावेत. तेव्हा धूसरपणा हा जुन्या कॅमेऱ्याचा स्वभाव आहे, हे ज्याने पसरवलं त्याने जुने फोटो कधी पाहिलेलेच नाहीत. धूसर फोटोच हवे असतील तर घरोघरी आग्फाचा क्लिक थ्री होता, त्याला फोकसची भानगडच नव्हती. बिघडणार काय, कपाळ?

दुरुस्तीवाल्याशी मात्र माझं खरं भांडण आहे.

१९३२ साली लायकाने आणि काँटॅक्सने रेंजफाइंडर लेन्सला जोडून दिला. त्याआधी अंतर एका उपकरणावर मोजायचं आणि तो आकडा लेन्सवर लावायचा, म्हणजे रोजकिर्दीतून खतावणीत नोंद करायची. आता दोन्ही वह्या एकाच वेळी लिहिल्या जाऊ लागल्या. आत असतो एक अर्धपारदर्शक आरसा आणि थोड्या अंतरावर दुसरा आरसा किंवा प्रिझम. लेन्स पुढेमागे झाली की एक दांडी हलते, तिच्याबरोबर दुसरी प्रतिमा सरकते. यात वय झालं म्हणून बिघडण्यासारखं काय आहे? धक्का बसला, ग्रीस सुकलं, आरसा सरकला, म्हणजे हिशेबात फरक पडला. आणि फरक हा नेहमी कुठूनतरी पडतो. तेरीज जुळत नसेल तर आमचे जुने हेडक्लार्क फरकाला नवाने भागायला सांगत. भाग गेला तर बहुधा कुठेतरी ५४ चे ४५ झालेत. फरक स्वतःच आपला पत्ता सांगतो, फक्त विचारायला हवं.

ही मंडळी विचारत नाहीत. स्क्रू-ड्रायव्हर काढतात आणि दोन प्रतिमा जुळेपर्यंत स्क्रू पिळतात. बँकेत याला खोटी नोंद करून ताळा जमवणं म्हणतात आणि त्याबद्दल चौकशी बसते!

वास्तविक स्क्रू-ड्रायव्हरला हात न लावता एका संध्याकाळी सगळं कळतं. लेन्सच्या कडीवर एक आडवा झोपलेला आठ असतो, तो अनंताचा. कडी तिथे न्यायची आणि दूरवर बघायचं. समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी म्हणजे अनंत नव्हे, बरं का! किलोमीटरभर तरी दूरचा मोबाइलचा टॉवर घ्यावा, नाहीतर सरळ चंद्र. टॉवर एकच दिसला तर ठीक. शेजारी शेजारी दोन दिसले तर तो फोकसचा फरक. एकावर एक, वरखाली दिसले तर आरसा किंवा प्रिझम कलला आहे. डोळ्याला त्रास होईल, पण फोकस त्याने चुकत नाही. मग टेपने बरोबर एक मीटर मोजून तीच परीक्षा. मोजायचं फिल्मपासून, लेन्सच्या नाकापासून नाही. पुष्कळ कॅमेऱ्यांवर त्यासाठी रेघ मारलेल्या गोलाची खूण असते.

आता मुख्य मुद्दा. खोटं बोलतोय कोण? रेंजफाइंडर की लेन्स? रोल काढून कॅमेऱ्याची पाठ उघडावी आणि फिल्म जिथून सरकते तिथे दुधी चिकटपट्टी ताणून लावावी. शटर ‘बी’वर उघडं ठेवावं, छिद्र पूर्ण मोठं करावं आणि पट्टीवर उलटा पडलेला टॉवर भिंगातून बघावा. कडी अनंतावर असताना तो रेखीव दिसला तर लेन्स निर्दोष आणि रेंजफाइंडर लबाड. लेन्सच धूसर निघाली तर ती पूर्वी कोणीतरी खोलून चुकीची बसवलेली असू शकते. अशा लेन्सवर रेंजफाइंडर जुळवणं म्हणजे अफरातफर करणाऱ्यालाच ऑडिटर नेमणं. आमची लेन्स रेखीव निघाली.

शिवाय अनंत जुळलं आणि एक मीटरला फरक राहिला, तर तो अनंताच्या स्क्रूचा गुन्हा नसून बहुधा दांडीचा असतो. आरंभीची शिल्लक जुळली म्हणून अखेरची जुळतेच असं नाही. हे तपासायला दुरुस्तीवाल्याला पाच मिनिटं लागतात, पण तेवढ्यात चहा येतो.

चौकोनच फिका दिसत असेल तर बाहेरून खिडकीच्या मधोमध काळ्या चिकटपट्टीचा लहानसा ठिपका लावावा. दुसरी प्रतिमा उठून दिसते. आतला आरसा मात्र पुसू नये. आमच्या मेव्हण्याने एकाचा इअरबडने पुसला. धूळ गेली, तिच्या सोबतीला आरशाचा मुलामाही गेला. तेव्हापासून तो कॅमेरा शोकेसमध्ये आहे आणि शोभा आणतो आहे.

‘चालायचंच’वाल्यांचं फावतं कुठे, तेही सांगतो. उन्हात, अकराचं छिद्र ठेवून, पंचेचाळीस मिलिमीटरच्या लेन्सचा फोकस सहा मीटरवर धरला, की साधारण तीन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं खपून जातं. तिथे रेंजफाइंडर बंद असला तरी कळणार नाही. पण घरात, संध्याकाळी, छिद्र १.७ वर उघडून मीटरभरावर बसलेल्या माणसाचा फोटो काढायचा तर हातात चार-पाच सेंटिमीटर असतात. आई सत्तरी ओलांडून गेली आहे. तिला उन्हात उभी करून क्षितिजासकट तिचा फोटो मला नको आहे.

म्हणून गेल्या महिन्यात एका कागदावर सगळी नोंद केली. अनंतावर फरक किती आणि कोणत्या बाजूला, एक मीटरवर किती, वरखाली नाही, लेन्स ठीक. तो कागद आणि कॅमेरा घेऊन दुसऱ्या एका वयस्कर कारागिराकडे गेलो. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “साहेब, हे सगळं तुम्हीच केलंत, मग मी काय करू?”

म्हटलं, “आता स्क्रू फिरवा!”